बिजाचं लाकूड आणि बिजाचा गिलास

कामं आटोपली असतील तर निवांत बसा. आटोपली नसतील तर हात चालू ठेवा आणि कान तेवढे इकडे द्या. आज आम्ही एका झाडाबद्दल बोलणार आहोत. त्याचं नाव बिजा. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात त्याला बिबळा किंवा बिवळा म्हणतात, जडीबुटीचा दुकानदार विजयसार म्हणतो, आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत त्याचं नाव असन. आपल्या रामटेक, पारशिवनी, देवलापारच्या जंगलपट्ट्यात मात्र तो बिजाच.

बिजावरच का बोलायचं, याला कारण आहे. त्यात आमच्या गटाची एक चूकही आहे. ती लपवणार नाही, पण आधी झाडाची ओळख करून घेऊ.

आपलं नागपूरकडचं जंगल पानगळीचं. त्यात साग आहे, ऐन आहे, धावडा, तेंदू, मोह, सालई आहे. त्यांच्यातच कुठे कुठे बिजा उभा असतो. सागासारखे त्याचे रांगेनं थवे नसतात, इथे एक, तिथे एक असा तो सापडतो. चांगली जमीन मिळाली तर शंभर फुटांच्या जवळ जातो, आपल्या कोरड्या भागात त्याहून बुटका राहतो. एका देठावर साधारण पाच ते सात पानं असतात, आणि पानाचं टोक किंचित खाचलेलं असतं. फुलं पिवळी, झुपक्याची, वासाची. पण बिजा ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे त्याचं फळ. चपटं, गोल, मध्ये बी आणि भोवती कागदासारखा पातळ पंख. वाऱ्यावर ते गिरक्या घेत जातं. तेंदूपानाला जाणाऱ्या बायांनी ही फळं पायाखाली कितीदा पाहिली असतील. त्याचं शास्त्रीय नाव टेरोकार्पस मार्सुपियम. टेरोकार्पस म्हणजेच पंखाचं फळ. रक्तचंदन हे याच घराण्यातलं, बिजाचं भावंडच म्हणा. फिलिपीन्स देशाचं राष्ट्रीय झाड नारा, तेही याच घराण्यातलं.

बिजाच्या सालीला कुऱ्हाडीचा घाव बसला की रक्तासारखा लाल चीक येतो. तो वाळला की काळपट लाल डिंक होतो. इंग्रजांच्या काळात हा डिंक किनो नावानं परदेशात जायचा आणि तिकडच्या औषधांच्या पुस्तकात जुलाबावरचं औषध म्हणून त्याची नोंद होती. चवीला तो भयंकर तुरट. म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. बाळंतिणीच्या लाडवात घालतो तो डिंक धावड्याचा किंवा बाभळीचा. बिजाचा लाल डिंक लाडवात घालायचा नसतो. आणि डिंकासाठी, औषधासाठी म्हणून झाडाची साल गोल सोलून काढली तर ते झाड उभ्या उभ्या मरतं. चार आण्याच्या सालीसाठी पन्नास वर्षांचं झाड जातं.

आता लाकडाकडे येऊ. कोणत्याही झाडाचं लाकूड दोन प्रकारचं असतं. बाहेरचं पांढुरकं, कोवळं लाकूड, आणि आतलं पक्कं लाकूड, ज्याला सुतार गाभा म्हणतात. बिजाचं बाहेरचं लाकूड फिकट असतं, त्याला कीड लवकर लागते. गाभा मात्र सोनेरी पिवळसर तपकिरी, मध्ये मध्ये गडद रेघा. हवा लागत जाते तसा त्याचा रंग पिकत जातो. हे लाकूड जड आणि कठीण. वाळलेल्या सागाचा एक मीटर लांब, रुंद आणि उंच ठोकळा घेतला तर तो साधारण साडेसहाशे किलो भरतो. बिजाचा तेवढाच ठोकळा आठशे किलोच्या आसपास जातो. गाभ्याला वाळवी सहजासहजी लागत नाही. म्हणून आपल्याकडे घराच्या चौकटी, खांब, आडे, बंडीचे भाग, वखर-नांगराची लाकडं बिजाची करायचे. ढोलकी-मृदंगाच्या खोडालाही हे लाकूड चालतं.

आपल्या सासऱ्यांच्या, आजेसासऱ्यांच्या पिढीला प्रत्येक लाकडाचा स्वभाव माहीत होता. कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा, कारण तो चिवट, धक्का सोसतो, लवतो पण मोडत नाही. मुसळाला खैर, कारण तो झिजत नाही. दाराला साग, कारण तो ऊन-पावसात वाकत नाही. तिवस आणि बाभूळ बंडीच्या चाकाला. सालई हलकी, ती खोक्यांना. प्रत्येक झाडाला त्याचं काम होतं, आणि कामाला त्याचं झाड. आता घरात प्लायवूड आलं, बंडीच्या जागी ट्रॅक्टरची ट्रॉली आली, आणि हे शहाणपण सुताराबरोबरच चाललं आहे. म्हणून घरात कोणी म्हातारे सुतार असतील तर त्यांच्याजवळ बसून विचारून घ्या.

बिजाच्या लाकडाचा एक स्वभाव बायांनी मुद्दाम जाणून घ्यायला हवा. हे लाकूड ओलं झालं की रंग सोडतं. नवीन बिजाची चौकट बसवली आणि भिंतीला चुना किंवा पांढरा रंग दिला, की पहिल्या पावसात भिंतीवर पिवळे-तांबूस ओघळ येतात. मग आपण गवंड्याला बोलतो, पण त्या बिचाऱ्याचा दोष नसतो. उपाय सोपा आहे. लाकूड पूर्ण वाळू द्यायचं, सावलीत, फळ्यांच्या मध्ये काड्या ठेवून, म्हणजे हवा खेळते. मग बसवण्याआधी सगळ्या बाजूंनी तेल किंवा प्रायमर द्यायचा, भिंतीकडची बाजूसुद्धा. याच कारणानं बिजाचा पोळपाट करू नये. ओल्या कणकेला पिवळा रंग लागतो आणि चवही तुरट होते.

हाच रंग सोडायचा गुण बिजाच्या गिलासामागे आहे. तुम्ही जत्रेत, प्रदर्शनात पाहिला असेल. खरादावर कातलेला लाकडाचा गिलास. रात्री त्यात पाणी ठेवायचं, सकाळी ते पिवळसर तपकिरी झालेलं असतं. ते काचेच्या पेल्यात ओतून उन्हात धरलं की कडेला निळसर झाक दिसते. पाहणाऱ्याला चमत्कार वाटतो. चमत्कार नाही, लाकडातल्या द्रव्यांवर ऊन पडलं की ती तशी चमकतात. पण या झाकेचा एक उपयोग आहे. दुसऱ्या लाकडाला रंग लावून बिजा म्हणून विकणारेही बाजारात आहेत. नुसता रंग सुटला म्हणून बिजा समजू नका, ती निळसर झाक दिसते का ते पाहा.

आता आमची गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटानं हा गिलास विकायचं ठरवलं. आरा मशीनवर मोठ्या कामातून उरलेले बिजाचे तुकडे बिलावर घेतले, एका खरादवाल्याकडून गिलास कातून घेतले. आम्ही घासायचं काम करायचो, पिशव्या शिवायचो. नागपूरच्या एका प्रदर्शनात आम्हाला स्टॉल मिळाला. पहिल्या दिवशी फारसं कोणी थांबेना. शेजारच्या स्टॉलवाल्यानं सांगितलं, ताई, असं नाही विकत, शुगरवर रामबाण म्हणा. आम्ही पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निम्मे गिलास संपले. रात्री हिशोब करताना आम्ही सगळ्या जणी हसत होतो. पापड-लोणच्यात महिनाभर मेहनत करून जे मिळत नव्हतं, ते तीन दिवसांत मिळालं होतं.

मग गावोगावच्या गटांमध्येही गिलास गेले. शेजारच्या गावच्या एका काकूंनी एक घेतला. त्यांना शुगर होती, गोळ्या सुरू होत्या. त्यांनी विचारलं, मग गोळी घ्यायची का? आमच्यातली एक म्हणाली, महिनाभर प्या काकू, मग गोळीची गरजच नाही पडणार. बाकीच्या आम्ही तिथेच उभ्या होतो. कोणीही तिला अडवलं नाही. म्हणून ती एकटीची चूक आम्ही मानत नाही, ती सगळ्या गटाची.

काकूंनी गोळ्या बंद केल्या. चार महिने गिलासाचं पाणी प्यायल्या, मनोभावे. कापूस वेचायच्या दिवसांत वावरात पऱ्हाटीचं खुंट पायाला लागलं. जखम लहान होती. हळद लावली, चुना लावला, भरेना. पाय सुजला, काळा पडायला लागला तेव्हा पोरानं नागपूरला दवाखान्यात नेलं. साखर चारशेच्या वर निघाली. पाय वाचला, पण दोन बोटं काढावी लागली.

आम्ही भेटायला गेलो. मनात होतं की शिव्या देतील. त्या म्हणाल्या, बायांनो, दुकानदारावर मी नसता विश्वास ठेवला, तुम्ही आपल्या म्हणून ठेवला. एवढंच म्हणाल्या आणि आम्हाला चहा करायला सुनेला सांगितलं. तो चहा आम्हाला कसा गेला ते आम्हालाच माहीत.

त्यानंतरच्या बैठकीत मोठा वाद झाला. एक बाजू म्हणाली, गिलास बंद करा. दुसरी म्हणाली, गटाचं कर्ज आहे, हप्ते कोण भरणार? आणि जुन्या ग्रंथांत लिहिलं आहे ते खोटं आहे का? हा प्रश्न खरा होता. म्हणून आम्ही आपल्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमला आणि एका वैद्यांनाही विचारायला गेलो. जे समजलं ते तुम्हाला सांगतो, कारण तुमच्याही गावात हा गिलास येणार किंवा आला असणार.

ग्रंथात आहे हे खरं. आयुर्वेदात प्रमेह म्हणजे लघवीच्या आणि साखरेच्या आजारांवर असनाचा उपयोग सांगितला आहे. वाग्भटाच्या ग्रंथात तर असनादी नावाचा औषधांचा एक गटच आहे. आपल्या सरकारच्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनंही यावर अभ्यास केला, तो 1998 साली छापून आला. 97 रोग्यांना विजयसार दिलं, आणि 12 आठवड्यांत त्यांच्यातल्या 67 जणांची साखर आटोक्यात आली.

हे ऐकून आमच्यातल्या काही जणींचे चेहरे खुलले. मग मॅडमनी पुढचं सांगितलं. त्या अभ्यासात लोकांना गिलासाचं पाणी दिलं नव्हतं. विजयसारापासून तयार केलेलं औषध मोजून दिलं होतं, साखर तपासून तपासून मात्रा कमी-जास्त केली होती. सगळे रोगी नुकतीच साखर निघालेले होते, वर्षानुवर्षं गोळ्या घेणारे नव्हते. आणि औषध न घेणारा दुसरा गट शेजारी ठेवून तुलना केलेली नव्हती. तरीही दहातल्या तीन जणांची साखर आटोक्यात आलीच नाही. मग आपल्या गिलासात किती औषध उतरतं? पहिल्या आठवड्यात पाणी गडद होतं, महिना-दीड महिन्यात फिकं पडतं. लाकूड नवं की जुनं, गाभ्याचं की बाहेरचं, पाणी किती तास ठेवलं, सगळ्यावर ते बदलतं. ज्याचं मापच नाही, त्याच्या भरवशावर गोळी कशी सोडायची? आणि मॅडमनी हेही सांगितलं की पाण्याचा थोडाफार परिणाम होत असेल तर गोळी आणि पाणी दोन्ही मिळून साखर एकदम खाली जायचाही धोका राहतो. म्हणून डॉक्टरला न सांगता काहीच सुरू करायचं नाही आणि काहीच बंद करायचं नाही.

वैद्यांनीही तेच सांगितलं. ते म्हणाले, झाड चांगलं आहे, पण झाड चांगलं असलं म्हणून दुकानातला गिलास वैद्य होत नाही.

तेव्हा ऐकणाऱ्या सगळ्या बायांना आमची हात जोडून विनंती. घरात शुगरची गोळी सुरू असेल तर कोणत्याही गिलासासाठी, पावडरीसाठी, आपल्याच गटातल्या बाईच्या सांगण्यावरूनही ती बंद करू नका. तीस वर्षांच्या पुढच्या प्रत्येकीची साखर आणि बीपी तपासायची सोय गावच्या आरोग्य उपकेंद्रात आहे, आणि ती मोफत आहे. आशाताईला विचारा, ती तारीख सांगेल. आणि शुगर असलेल्या माणसानं वावरात अनवाणी जायचं नाही. रोज रात्री पायाचे तळवे पाहायचे, स्वतःला दिसत नसतील तर नातवाला पाहायला सांगायचं.

आता दुसरी गोष्ट, कायद्याची. बिजा आपल्याच धुऱ्यावर असला, सातबारा आपल्याच नावाचा असला, तरी तो मनानं तोडता येत नाही. महाराष्ट्रात झाडं तोडण्याचा नियम करणारा 1964 चा कायदा आहे. त्याच्या यादीत साग, मोह, चिंच, आंबा, खैर, तिवस, ऐन, हळदू, जांभूळ अशा झाडांबरोबर बिजाही आहे. ही झाडं तोडायला आधी वन विभागाची परवानगी लागते, आणि लाकूड गाडीत घालून न्यायला वाहतूक परवाना लागतो. गटांनी कच्चा माल घेताना बिल नक्की घ्या. कोणी संध्याकाळच्या वेळी सायकलवर बिजाचा ओंडका आणून स्वस्तात देतो म्हणाला, तर तो घ्यायचा नाही. तो पकडला गेला तर एक माणूस जाईल. गटाचं नाव गेलं तर दहा घरांची पत जाईल.

त्यातून आणखी एक प्रश्न येतो, तो आम्हाला झोप लागू देत नाही. बिजा कमी होत आहे. जगभरच्या झाडांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेनं त्याला धोक्याच्या उंबरठ्यावर असलेल्या झाडांत धरलं आहे. लाकडासाठी तोड झाली, सालीसाठी, डिंकासाठी घाव पडले. लहान रोपं वणव्यात जातात, आणि पाला जनावरांना आवडतो म्हणून गुरं खातात. आता त्यात गिलासाचा बाजार भरला. शुगर वाढत जाईल, तसे गिलास वाढत जातील, आणि मुळात जो उपाय पक्का नाही त्यासाठी झाड संपेल. आपण विकणाऱ्यांनी याचा विचार करायचा नाही तर कोणी करायचा?

मग आम्ही काय केलं? खरं सांगायचं तर सगळ्यांचं एकमत झालं नाही. शेवटी ठरलं ते असं. पुठ्ठा फाडून टाकला. नवे गिलास करायचे बंद केले. जे शिल्लक होते त्यांच्यासोबत चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर लिहिलं, हा बिजाच्या लाकडाचा गिलास आहे, हे औषध नाही, डॉक्टरांची गोळी बंद करू नये. चिठ्ठी वाचून काही गिऱ्हाईक गिलास खाली ठेवून गेले. त्या वर्षी हप्ता भरायला आम्हाला अंतर्गत बचतीतून पैसे काढावे लागले. हे आम्ही मोठेपणासाठी सांगत नाही. असा निर्णय फुकटात होत नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगतो.

तुकडे मात्र शिल्लक होते. आमच्यातल्या एका मावशीला सुचलं, आपल्या नागपूरला तान्हा पोळा आहे ना! मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी बैल सजवून घरोघर फिरतात. भोसल्यांच्या काळापासूनची ही आपली रीत. बिजाचा सोनेरी रंग आणि गडद रेघा बैलाच्या अंगावर अशा उठून दिसतात की रंग द्यावाच लागत नाही, नुसतं तेल पुरे. आणि बैल कोणी पाण्यात भिजवत नाही, म्हणून रंग सुटायचा प्रश्न नाही. बिजाचा गुण ओळखून त्याला त्याचं काम दिलं. पहिल्या वर्षी थोडेच झाले. आता आखाडातच आम्ही तयारीला लागतो. गिलासाएवढा पैसा एकदम येत नाही, पण येतो तो झोप लागेल असा.

आणि दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी आम्ही बिजाची पंखाची फळं वेचून आणतो, तीही झाडाखाली पडलेलीच. पंख कापतो, रात्रभर पाण्यात भिजवतो, पिशव्यांत लावतो. सगळी उगवत नाहीत, त्यामुळे जास्त लावतो. पावसाळ्यात धुऱ्यावर, शाळेच्या आवारात, पाणी साचत नाही अशी जागा पाहून रोप लावतो. पहिली काही वर्षं काट्यांचं कुंपण लागतंच, नाहीतर शेळी त्याला ठेवत नाही. शेतात लावलं तर तलाठ्याकडे नोंद करून घ्या, पुढे परवानगीच्या वेळी आपलं झाड आपणच लावलं हे दाखवता येतं. बिजा सावकाश वाढतो. आज लावलेल्या रोपाची चौकट आपल्या घराला लागणार नाही, नातवाच्या घराला लागेल. आपल्या सासऱ्यांनी लावलेल्या आंब्याची आमराई आपण खातोच की.

त्या काकू आता आमच्या बैठकीला येतात. एका पायात जरा वेगळी चप्पल घालतात. गोळी वेळेवर घेतात, आणि नव्या बायांना स्वतःचा पाय दाखवून सांगतात. गेल्या पावसाळ्यात त्यांनी आपल्या अंगणामागे एक बिजा लावला. आम्ही विचारलं, काकू, तुम्हाला या झाडाचा राग नाही येत? त्या म्हणाल्या, झाडानं कधी बोलून दाखवलं होतं की गोळी सोड म्हणून?

बायांनो, तुमच्या गटाच्या येत्या बैठकीत दोन गोष्टी विषयावर घ्या. आपण विकतो त्या मालाबद्दल आपण काय बोलतो, ते सगळं खरं आहे का, हे एकदा एकमेकींना विचारा. आणि गावात बिजाची किती झाडं उरली आहेत, ती कुठे आहेत, ते म्हाताऱ्या माणसांना विचारून मोजा. किती निघाली ते आम्हाला केंद्रावर कळवा, पुढच्या भागात आपण गावांच्या नावासकट वाचून दाखवू. आता रजा घेतो. नमस्कार.